घड्याळात चालणारे सेल

आमच्या वडगाव निंबाळकरच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाकडे वेळ बघायला फारसं कुणी जात नसे. वेळ कळायला दूधगाडीचा हॉर्न होता, शाळेची घंटा होती, आणि आईचा आवाज होता. घड्याळ होतं ते सेल तपासायला. कुठलाही सेल मेलाय की जगलाय याचा निकाल तिथंच लागायचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, स्टुलावर चढायचे, घड्याळ उतरवून पालथं मांडीवर घ्यायचे, आतला सेल काढून संशयित सेल बसवायचे, घड्याळ सुलटं करायचे आणि सेकंदकाट्याकडे श्वास रोखून बघत राहायचे. काटा हलला की म्हणायचे, "पळतोय बघ. जिता हाय." मग तो सेल रिमोटात, टॉर्चमध्ये, जिथं हवा तिथं परत जायचा. या निकालावर अपील नव्हतं.

आठवणी लिहिण्याचं माझं वय नाही असं आई म्हणते. "अजून लगीन न्हाय आन् आठवनी लिव्हत बसली," हे तिचे शब्द. पण मी गेली काही वर्षं गावोगाव पत्रकं वाटत फिरते, माईक मिळाला तर माईकवर आणि नाही मिळाला तर तसंच ओरडते, आणि प्रत्येक गावात कुणीतरी विचारतंच, "ताई, तुमाला ह्या तारंचा एवढा राग का?" त्याचं उत्तर पत्रकात मावत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील, तात्या, बरीच वर्षं गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. पुढं नोकरी सुटली तरी लोक सुटले नाहीत. कुणाची गाय अडली, कुणाच्या कालवडीला हगवण लागली, की फोन तात्यांनाच. लोक डॉक्टर म्हणायचे. तात्या म्हणायचे, "मी डॉक्टर न्हाय बाबा," पण हाकेला ओ द्यायचे. व्यालेल्या गायीच्या घरून खरवस यायचा. वेलदोड्याचा, गुळाचा, कधी नुसता साखरेचा. खरवसाच्या चवीवरून घर ओळखायची आमच्यात शर्यत लागायची, आणि माझी मोठी बहीण रेखा, म्हणजे आक्का, ती नेहमी जिंकायची.

गावच्या दूध संस्थेनं गुरांच्या पोटातलं लोखंड शोधायचं मशीन घेतलं, आणि ते सांभाळायला तात्यांकडं दिलं. पोळपाटाएवढी चकती, तिला दांडा, दांड्यावर एक डबी आणि डबीवर हिरवा दिवा. गाय चारा चावत बसत नाही, आधी गिळते. कडबा बारीक कापणाऱ्या कुट्टीतून चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा आला की तोही गिळते. तो पुढच्या पोटात जाऊन बसतो, आणि त्या पोटाच्या पलीकडं लगेच काळीज असतं. तार रुतत पुढं गेली की गाय गेली. वेळेत कळलं तर पोट उघडून काढता येते. म्हणून मशीन. गायीच्या डाव्या कोपराच्या मागं चकती फिरवायची. लोखंड असलं की मशीन "टुंई" करून ओरडतं. नसलं की गप्प.

मशीनला चार सेल लागत, चार्ज होणारे, पेन्सिल सेल. असे दोन जोड मिळाले होते. एका जोडाला आईनं तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, दुसरा बिनठिपक्याचा. एक जोड मशीनमध्ये, एक चार्जरवर. तात्यांनी सुरुवातीला सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले होते. जोड मोडायचा नाही. लाल सेल लालबरोबरच. काम झालं की मशीन बंद, आणि चार-आठ दिवस काम नसलं तर सेल बाहेर काढून ठेवायचे. पडून राहिलेला सेलही आपोआप उतरतो, म्हणून कुठं जायच्या आदल्या दिवशी परत चार्ज करायचे. आणि चार्जर गार जागी. ती गार जागा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली माठाशेजारची फळी. लाईट यायच्या-जायच्या वेळा ठरलेल्या असूनही न ठरल्यासारख्या, त्यामुळं लाईट आली की आई आधी चार्जर लावायची आणि मग मिक्सर. फळीवर चार्जरचा लाल दिवा, खाली तव्यावर भाकरी, शेंगाच्या चटणीचा वास, आणि माठातून ठिबकणारं पाणी. घर म्हटलं की अजून मला ते फळीचं टोकच आठवतं.

नियम महिनाभर पाळले असतील. मग आबांच्या टॉर्चमधला सेल बसला तेव्हा आबांनी चार्जरवरचा एक उचलला. आबांचा जन्म शेताला रात्री पाणी द्यायच्या पाळ्यांवर गेलेला, टॉर्चशिवाय त्यांचं पान हलत नसे. टीव्हीचा रिमोट बंद पडला तेव्हा भावानं एक उचलला. लाल ठिपके आणि बिनठिपके घरभर नांदू लागले. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होते आणि तिथल्या एका गटात नवीनच पत्रकं लिहायला शिकत होते. शनिवारी घरी यायचे, रविवारी संध्याकाळी परत. दारूबंदीपासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळ्यावर मी पत्रकं लिहिली होती. स्वतःच्या घरातल्या फळीकडं बघितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आक्काचा फोन आला. आक्का वरकुट्याला दिलेली, इंदापूर तालुक्यात. तिच्याकडची चांदणी ही गाय आमच्याच गोठ्यातली, आक्काला मुलगी झाली तेव्हा आईनं पाठवलेली. आक्का फोनवर हळू बोलत होती, म्हणजे जवळ कुणीतरी असणार.

"शुभे, चांदनी चारा खाईना गं. उठता-बसता कन्हतीया."

"तात्या येऊन गेले ना मागच्या आठवड्यात?"

"आलते. मशीन फिरवलं. वाजलं न्हाय. तात्या म्हनलं, लोखंड न्हाय, पाचक द्या." मग आणखी हळू, "मला गोठ्यात जाऊ देत न्हाईत आता."

"कोण?"

"मामंजी म्हनत्यात, पोटात काय न्हाय तर मग चारनारीच्या हातातच खोट हाय. आत्याबाई धार काढत्यात. शेजारच्या वयनींची म्हस याली, तर त्यांनी बी सांगून धाडलं, रेखाला हिकडं पाठवू नगा."

मी हादरले. ही माझी बहीण. जिचा हात मुकं जनावरही ओळखायचं, तिच्या हाताला अपशकुनी ठरवलं होतं, आणि पुरावा काय, तर आमच्याच तात्यांचं मशीन वाजलं नाही. मी फोन ठेवला आणि डोक्यात लगेच पत्रकाचा मथळा तयार. व्याह्यांच्या घरावर मोर्चाच न्यायचा बाकी होता. त्या शनिवारी मी तणतणतच अंगणात शिरले आणि ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच थबकले.

ओट्यावर आईनं कुरडया घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी, त्याच कडक उन्हात, एका स्टीलच्या ताटलीत सेल मांडलेले. एक लाल, तीन बिनठिपक्याचे. शेजारी आबा डोक्याला पंचा गुंडाळून राखण करत बसलेले, कुरडयांची आणि सेलांची. माझ्यासमोर त्यांनी एक उचलला, फुंकर मारली, आत जाऊन घड्याळात घातला. काटा हलला.

"पळतोय," आबा म्हणाले, आणि सेल तात्यांच्या हातात दिला. तात्या मशीनची डबी उघडून बसलेच होते.

"तात्या, हे मशीनचे सेल आहेत?"

"व्हय. तुझ्या आक्काकडं परत जाऊन बघावं म्हनतो."

"आणि उन्हात?"

"लाईट न्हवती दोन दिस. आबा ताजं करून देत्यात."

"उनानं जीव येतो सेलाला," आबा म्हणाले. "तुझा बाप जलमला न्हवता तवापास्नं करतूय मी."

जुन्या सेलांना उन्हानं थोडी धुगधुगी यायची हे खरं. आबांनी त्यावर उन्हाळेच्या उन्हाळे काढले होते. पण हे चार्ज होणारे सेल. ते उन्हात तापले की वरवर जरा बरे वाटतात आणि आतून खराब होत जातात, हे चार्जरच्या खोक्यावर छापलेलं होतं, आणि ते खोकं आईनं मिरच्या ठेवायला घेतलं होतं.

"चालतंय की गं," तात्या म्हणाले. त्यांनी सेल बसवून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. गाडीची किल्ली चकतीला टेकवली. टुंई. "बघ."

मला वाटलं झालं, आपलंच चुकलं. पण राग जिरत नव्हता. मी मशीन घेतलं आणि परसात कडबा कुट्टीपाशी गेले. तिचं ओतीव लोखंडी चाक एका माणसाला उचलत नाही. चकती चाकाला टेकवली. टुंई. बोटभर मागं घेतली. बारीक टुंई. वीतभर मागं घेतली.

गप्प.

हिरवा दिवा चालू. मशीन गप्प. समोर एवढं मोठं लोखंडाचं चाक.

तात्या मागून आले होते. त्यांनी माझ्या हातातून मशीन घेतलं, स्वतः टेकवलं, स्वतः मागं घेतलं. पुन्हा केलं. गायीच्या पोटातली तार काही कातड्याला चिकटून बसत नाही. ती वीतभर आतच असते, आणि घड्याळाचा काटा हलवण्यापुरताच दम उरलेल्या सेलांवर मशीन तिथवर पोचत नव्हतं. तात्या कुट्टीच्या लाकडी चौकटीवर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पाडव्यापास्नं," ते म्हणाले, "पाडव्यापास्नं एक बी गाय वाजली न्हाय माज्याकडं."

"मग तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. बरं वाटलं. वाटलं, लोकं सुदारली. चारा बघून टाकायला लागली."

आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त धक्का याच वाक्याचा बसतो. गाय वाजली नाही की घरातले खूश, तात्या खूश, मालक चहा टाकणार, कधी खरवस. गप्प मशीनवर कुणाचीच तक्रार नव्हती. वाजलं असतं तर शंभर प्रश्न विचारले असते. अहो, मशीन गप्प राहतं तेव्हा एकतर लोखंड नसतं, नाहीतर मशीनच मेलेलं असतं, आणि दुसरी शक्यता एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यापर्यंत एकालाही सुचू नये?

आईनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं पदर खोचला आणि घरातले सेल गोळा करायला निघाली. रिमोटातला काढला. घड्याळातला काढला. आबांच्या टॉर्चकडं हात गेला तसे आबा उठले.

"त्यो ऱ्हाऊ दे. आज पाळी हाय पान्याची."

"पाळीला मोबाईलच्या उजेडात जावा," आई म्हणाली. ती सासऱ्यांशी या आवाजात बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. आबांनीही पहिल्यांदाच, कारण त्यांनी टॉर्च मुकाट पुढं केला.

सगळे आठ सेल फळीवर आले. दुपारी लाईट आली. चार-चार करत आईनं चार्जरला लावले, आणि दर थोड्या वेळानं ती जायची आणि पोरांच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात एकेका सेलाला लावायची. "ह्याला ताप हाय," म्हणायची. "ह्यो लावल्याबरुबर फनफनतोय. ह्यो गेला." उन्हात बसलेले बहुतेक तसेच निघाले. दुकानातले साधे सेल आणून घातले असते तरी भागलं असतं, हे आज मला ठाऊक आहे. पण विकणाऱ्यानं तात्यांना बजावलं होतं की चार्जिंगचेच घाला, आणि तात्यांनी त्याची तेवढी एकच गोष्ट शेवटपर्यंत पाळली. सकाळपर्यंत चार सेल धड निघाले. कुट्टीच्या चाकापासून हातभर लांब धरलं तरी मशीन किंचाळत होतं.

पण तात्या उठेनात. गाडीची किल्ली हातात, आणि बसून.

"व्याह्याच्या दारात जायाचं आन् काय सांगायचं? त्या दिशी मीच म्हनलो न्हाय म्हून."

आबांनी तोडगा काढला. "त्यात काय? म्हनायचं, तवा न्हवती, मागनं गिळली."

तात्यांनी वर बघितलं. मला दिसलं की त्यांना तो तोडगा पटायला लागला होता. आई भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली.

"मागनं गिळली? मग मागनं चारली कुनी? परत माझ्या पोरीनंच ना?"

तात्या उठले आणि गाडीला किक मारली. मशीन मांडीवर घेऊन मी मागं बसले. बारामती ओलांडली, निमगाव केतकीला बाजाराच्या चौकात थांबून तात्या दोनदा पाणी प्यायले, आणि उन्हं तापायच्या आत आम्ही वरकुट्यात पोचलो.

आक्काचे सासरे भगवानराव दारातच होते. पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं, गावच्या प्रत्येक सत्काराला पुढच्या रांगेत. "या डॉक्टर! आधी चा घ्या."

"आधी गाय," तात्या म्हणाले.

चांदणी पाठ वर काढून, कोपरं बाहेर फेकून उभी होती. उतारावर एक पाऊल टाकायला तयार नव्हती. आक्का गोठ्याच्या बाहेर, चौकटीला टेकून. गोठ्यात यायचं नाही म्हणून पाय बरोबर उंबऱ्याच्या अलीकडं. तात्यांनी चकती गायीजवळ नेली, कातड्याला टेकवलीही नाही, तोच मशीन ओरडलं. शेजारचे लोक बघायला आले इतकं ओरडलं.

"आँ?" भगवानराव म्हणाले. "मग त्या दिशी?"

मी तात्यांकडं बघत होते. आक्काही बघत होती.

"त्या दिशी तार हुती," तात्या म्हणाले. "मशीनच्या सेलात दम न्हवता. मी न तपासता आलो. चूक माझी हाय, भगवानराव. पोरीच्या हाताची न्हाय."

इंदापुरातून डॉक्टर आल्या. तरुण बाई, गमबूट घालून. गाय उभी ठेवूनच डाव्या कुशीला भूल दिली, कातडं उघडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आक्काची सासू देवाचं नाव घेत होती. डॉक्टरबाईंनी हात बाहेर काढला तेव्हा चिमटीत बोटभर बाइंडिंग वायर होती, एका टोकाला पीळ, आणि पिळात अडकलेली निळ्या प्लॅस्टिकची चिंधी.

"काळजाला लागली नव्हती अजून. नशीब समजा," त्या म्हणाल्या. मग तात्यांकडं वळून, "मशीन वाजलं म्हणजे रोग असतोच असं नाही. पण वाजलं नाही, तर ते न वाजणं तरी खरं पाहिजे ना, काका?" तात्यांनी मान खाली घालून होकार दिला.

आता सगळं मिटलं असं मला वाटलं. आणि भगवानराव म्हणाले, "म्हंजी तार चारली हिनंच की."

वैरण हिनं टाकली, तार वैरणीत, म्हणजे हिनंच. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागं गेली. कडब्याची गंज. गंजीवर पांघरलेला भला मोठा फ्लेक्स, निळा. कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. वरती पुढारी हात जोडून, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि रांगेत गॉगल लावलेले भगवानराव. खांबावरून उतरवताना तारा कुणी सोडल्या नव्हत्या, तशाच तोडल्या होत्या. कडेच्या छिद्राछिद्रातून पिळाच्या शेपट्या लोंबत होत्या. भगवानरावांच्या फोटोखालचा कोपरा फाटलेला, आणि तिथलं छिद्र तारेसकट गेलेलं.

"तो फ्लेक्स कुणी आणला?" मी विचारलं.

शेजारच्या वहिनी, त्याच म्हशीवाल्या, फिसकन हसल्या. "मामांनीच आनला. फोटू हाय म्हनं, कचऱ्यात कसा टाकायचा. रस्त्यावरनं दिसंल असा लावा म्हनं."

मग मी सुटले. पत्रकात शिकलेलं सगळं त्या अंगणात ओतलं. फ्लेक्स, पुढारी, मुक्या जनावरांचा बळी, सुनांवर टाकलेला आळ. माझा आवाज चढत गेला आणि लोक एकेक करून पांगत गेले. भगवानराव म्हणाले, "शिकलेली पोरगी हाय, बोलनारच," आणि डॉक्टरबाईंना गाडीपर्यंत सोडायला निघून गेले. तात्यांनी गंजीवर चढून फ्लेक्स खाली ओढला. कुणी अडवलं नाही. पण कुणी माझ्या बहिणीला एक शब्दही म्हणालं नाही. मला याचाच धक्का. तार बाहेर आली, फ्लेक्स खाली आला, सगळ्यांनी सगळं पाहिलं, आणि आळ मात्र जिथल्या तिथं. जणू तो आपोआप विरघळून जाणार होता.

संध्याकाळ झाली. आम्ही निघायच्या तयारीत होतो. गोठ्यातली दुसरी गाय धारेसाठी हंबरायला लागली. आक्काची सासू चरवी घेऊन गोठ्याकडं गेली, अर्ध्या वाटेत थांबली, मागं वळली. आक्कापुढं येऊन तिनं चरवी पुढं केली.

"घे. माझी बोटं आखडल्यात."

आक्काच्या कडेवर तिची मुलगी होती. तिनं मुलीला खाली ठेवलं. हात पुढं केला नाही.

"आधी म्हना, आत्याबाई."

"काय म्हनू?"

"जे समद्यांम्होरं म्हनत हुता, त्याचं उलटं."

मी सभा गाजवणारी. आक्का ती, जिनं सासरी मान वर करून कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी बघतच राहिले. गाय हंबरत होती. अंगणात शेजारच्या वहिनी होत्या, तात्या गाडीला मशीन बांधत होते, भगवानराव ओट्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. सासूनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. चरवी हातातच.

"तुज्या हाताची खोट न्हवती," ती म्हणाली.

"मामंजींना आयकू गेलं का?"

पेपर हलला नाही. सासू ओट्याकडं वळली आणि गाव ऐकेल अशा आवाजात ओरडली, "आयकलं का वो? रेखाच्या हाताची खोट न्हवती म्हनलं मी!"

"आयकलं," पेपरामागून आवाज आला.

आक्कानं चरवी घेतली आणि उंबरा ओलांडून गोठ्यात गेली.